स्वस्ताईचा जमाखर्च

नेसरीच्या पश्चिमेस सह्याद्रीचा पाऊस आणि दुसऱ्या अंगास गडहिंग्लजची संकेश्वरी मिरचीची पेठ. या दोहोंच्या दरम्यान जो शेतकरी आपला माल अंगणात वाळवितो, त्याच्या मिरचीत ओल राहिली की ॲस्परजिलस बुरशीचा अंमल सुरू होतो, आणि तिने निर्मिलेले अफ्लाटॉक्सिन ना डोळ्यांस दिसते, ना जिभेस कळते. युरोपीय बाजारात एका किलो मिरचीत बी-1 हे विष 5 मायक्रोग्रॅमपर्यंतच चालते. इतके सूक्ष्म प्रमाण मोजणारी यंत्रे मोठ्या प्रयोगशाळांत असतात. तेथून दाखला येईतो सौदा उरकलेला असतो. म्हणूनच अल्पमोल जैवसंवेदक घडविण्याच्या या उद्योगात मी पडलो.

शिसपेन्सिलीतील ग्राफाइटची कांडी हा माझा इलेक्ट्रोड. आम्लयुक्त ॲनिलीनच्या द्रावणात ती बुडवून विद्युद्दाब वरखाली फिरविला की तीवर पॉलिॲनिलीनचा हिरवा थर चढतो. शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी 1977 साली ज्या वीजवाहक बहुवारिकांचा मार्ग खुला केला, त्यांच्याच कुळातील हा पदार्थ. परंतु आम्लात तो खुशाल वीज वाहतो आणि उदासीन द्रावणात मंदावतो, तर विषास नेमके ओळखून धरणारे प्रतिपिंड पडले प्रथिन, तीव्र आम्लात त्याची घडी विस्कटते. एकास जे मानवते ते दुसऱ्यास सोसत नाही, अशा दोघांना एका घरात नांदविणे हेच या कारागिरीचे मर्म होय. थर चढवितानाच त्यात पॉलिस्टायरीन सल्फोनेट गुंतविले, तर उदासीन द्रावणातही त्याची वाहकता बरीच टिकते.

अफ्लाटॉक्सिनचा रेणूभार 312, प्रतिपिंडाचा दीड लाखाच्या घरात. थरावर बसलेला रेणू विजेचा प्रवाह किती अडवितो, यावरून मोजमाप करावयाचे; पण इतका लहान पाहुणा प्रवाहास अडवील कसा? म्हणून प्रथिनास जोडलेले विष थरावर आधीच बसवावे आणि नमुन्याच्या अर्कात प्रतिपिंड मोजून घालावे. अर्कात विष जितके अधिक, तितके प्रतिपिंड तेथेच गुंतते, थरावर कमी बसते आणि द्रावणात घातलेल्या फेरिसायनाइडमुळे मिळणारा प्रवाह कमी अडतो. मिरचीचा गडद रंग प्रकाशावर चालणाऱ्या चाचण्यांस भोवतो, येथे त्याची फारशी तक्रार नसते. मात्र अर्कासाठी वापरलेले मिथेनॉल पुरेसे विरळ न केल्यास प्रतिपिंड निकामी होते.

कांडीची किंमत किरकोळ आहे. खर्च होतो तो प्रतिपिंडावर, ते शीत राखण्यावर, आणि प्रत्येक खेपेची निर्दोष मिरचीवर खातरजमा करण्यावर. ही शेवटली बाब वगळून स्वस्ताई मिरविणे म्हणजे शेतकऱ्याच्या चांगल्या मालावर खोटा ठपका ठेवण्याची तजवीज करणे होय. तेव्हा कोणी अशी चाचणी आपल्यापुढे केली, तर तिचा भाव विचारण्याआधी शुद्ध मालावर ती काय सांगते, हे अवश्य विचारावे.