श्रवणबेळगोळचा मुक्काम आणि यादीबाहेरच्या खोल्या

दक्षिण महाराष्ट्रातील जैन कुटुंबांना श्रवणबेळगोळ परके नाही. मराठीतील अतिशय जुन्या शिलालेखांपैकी एक तेथे गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेला आहे, आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या यात्रेच्या गाड्या पिढ्यान्पिढ्या तिकडे जात आल्या आहेत. पूर्वी मुक्कामाची काळजी गावातील एखादा जाणता श्रावक वाहत असे. कोणत्या धर्मशाळेत उतरायचे, हे त्याला तोंडपाठ असे. आता घरातील तरुण मंडळी मोबाईलवर क्षेत्राचे नाव आणि तारीख घालतात, आणि समोर जी यादी येते तीच प्रमाण मानली जाते.

या यादीत बहुधा हासनची हॉटेले दिसतात. हासन तेथून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. बारा-तेरा किलोमीटरवरचे चन्नरायपट्टणही दिसते. डोंगराच्या पायथ्याशी क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीची अनेक यात्रीनिवासे आहेत. त्यांतील बहुतेकांचा मात्र तेथे मागमूस नसतो. तेव्हा ‘क्षेत्रावर सोय नाही’ असा समज करून घेऊन कुटुंब हासनला उतरते. हा फरक केवळ अंतराचा नाही. विंध्यगिरी चढायचा तो अनवाणी, खडकात कोरलेल्या सहाशेहून अधिक पायऱ्यांनी. पहाटे तो दगड पायाला गार लागतो; ऊन वर आले की तोच चटके देऊ लागतो. हासनहून आवरून निघालेले कुटुंब पायथ्याशी पोहोचते तोवर ती वेळ टळू लागलेली असते, आणि मग आजीबाई खालीच कल्याणी सरोवराकाठी बसून राहतात.

यादीत नाव का नाही, याचे उत्तर साधे आहे. ती यादी गावाची नाही, कराराची आहे. आरक्षणाची संकेतस्थळे गावोगाव फिरून निवासांची गणती करीत नाहीत. निवासाच्या मालकाने स्वतः नोंदणी करावी लागते, पत्ता व खाते पडताळून घ्यावे लागते, छायाचित्रे द्यावी लागतात आणि प्रत्येक आरक्षणामागे ठरलेले कमिशन मान्य करावे लागते. बुकिंग.कॉमसारख्या मोठ्या कंपन्यांत ते साधारण पंधरा टक्क्यांच्या आसपास असते. १९९९ मध्ये डब्लिन येथे सुरू झालेले होस्टेलवर्ल्ड खोलीबरोबर सामाईक दालनातील एकेक खाटही विकते. करार मात्र त्याच वळणाचा. सर्वांत कठीण अट वेगळीच. कोणत्या तारखेला किती खोल्या रिकाम्या आहेत, हे निवासाने सतत कळवत राहायचे आणि कळवलेली खोली पैसे भरणाऱ्याला बिनशर्त द्यायची.

यादीतील क्रम हा पुढचा भाग. दर, प्रवाशांचे अभिप्राय, निवासाने रद्द केलेली आरक्षणे, पान पाहणाऱ्यांपैकी किती जण खरोखर खोली घेतात, हे सारे त्यात धरले जाते. त्यातच पैशाचाही हात असतो: अधिक कमिशन देणाऱ्याला वरची जागा मिळवून देणाऱ्या योजना उघडपणे चालतात. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने २०१९ मध्ये काही मोठ्या कंपन्यांकडून हमी घेतली, की कमिशनचा क्रमावर परिणाम होत असेल तर ग्राहकाला तसे सांगावे. युरोपीय संघातही २०२० पासून क्रमाचे मुख्य निकष जाहीर करणे बंधनकारक आहे. तरीही पहिल्या चार नावांखालची बारीक अक्षरे वाचतो कोण?

धर्मशाळेची रीत याच्या नेमकी उलट आहे. तेथे खोली सहसा दारात आलेल्याला मिळते. कार्यालयात नाव-गाव नोंदवायचे, ओळखपत्र दाखवायचे, माफक रक्कम भरायची आणि किल्ली घ्यायची. कोणी पायी आलेला असतो, कोणाची गाडी रात्री उशिरा पोहोचलेली असते, अकस्मात एखाद्या त्यागी व्यक्तीची व्यवस्था करावी लागते. म्हणून काही खोल्या कोणालाही शब्द न देता राखाव्या लागतात. अशी खोली संकेतस्थळाच्या हिशेबात बसत नाही. सूर्यास्तापूर्वी भोजन, कंदमूळ वर्ज्य, पाणी गाळलेले, हे नियम लिहायला तेथील अर्जात सोयीचा रकाना नसतो, आणि जे कळत नाही त्याचीच तक्रार पुढे अभिप्रायात उमटते. ‘रात्री नऊ वाजता जेवण मिळाले नाही’ या एका वाक्याने निवासाचा क्रम घसरू शकतो. ज्या व्रतासाठी भाविक तेथे उतरतो, तेच व्रत यादीत उणे गुण ठरते, हे चमत्कारिकच म्हणायचे.

मग धर्मशाळांनी संकेतस्थळांवर जावे का? एक पक्ष म्हणतो, की एरवीच्या दिवसांत खोल्या ओस पडतात, दुरुस्तीला पैसा लागतो, आणि नवी पिढी मोबाईलबाहेर शोधतच नाही. यात तथ्य आहे. पण सर्व खोल्या तेथे टाकल्या, तर जोडसुट्टीत त्या बेंगळूरचे सहलकरू आठवडाभर आधी घेऊन ठेवतील आणि संध्याकाळी दारात आलेल्या वृद्ध यात्रेकरूला चन्नरायपट्टणचा रस्ता दाखवावा लागेल. देणगीदाराने ज्याच्यासाठी पैसे दिले, तो हाच यात्रेकरू. मधला मार्ग स्वस्त आहे आणि तो अनेक क्षेत्रांनी अजून नीट वापरलेला नाही: नकाशावर निवासाची नोंद विनाशुल्क करता येते. तेथे कार्यालयाचा चालू दूरध्वनी, उघडण्याची वेळ आणि भोजनाचे नियम मराठी, हिंदी व कन्नडमध्ये दिले, तर करार न करताही निवास सापडतो. मात्र फोन उचलणारा माणूस हवा. वाजत राहणारा फोन हेही पुष्कळ कुटुंबे हासनला उतरण्याचे कारण असते.

२०१८ च्या महामस्तकाभिषेकाच्या वेळी गावाभोवती तात्पुरती उपनगरे उभारून यात्रेकरूंची सोय करण्यात आली होती. बारा वर्षांच्या प्रथेने पुढचा सोहळा २०३० च्या सुमारास येईल. काही आठवड्यांपुरते वसणारे असे तंबूंचे नगर तेव्हाही बहुधा कोणत्याच संकेतस्थळाच्या यादीत दिसणार नाही. तेथली जागा क्षेत्राच्या कार्यालयातूनच मागावी लागेल.