मेकॅनिकच्या कागदावर सही करण्याआधी

पाडव्याला घेतलेल्या वस्तूंच्या तक्रारी माझ्याकडे साधारण संक्रांतीच्या सुमारास यायला लागतात. तोवर फ्रिजवरचं कुंकवाचं स्वस्तिक पुसट झालेलं असतं, दुकानदार फोन उचलेनासा झालेला असतो आणि घरात ‘तरी मी सांगत होते’ हे वाक्य किमान एकदा म्हणून झालेलं असतं. मी ग्राहक आयोगात तक्रारदारांच्या बाजूने वकिली करतो. येणारा पक्षकार बहुधा एक पक्की समजूत घेऊन येतो: वस्तू खराब निघाली म्हणजे नवी मिळालीच पाहिजे.

कायदा असं सरसकट म्हणत नाही. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२०पासून लागू झाला. त्याच्या कलम ३९नुसार आयोग दोष दूर करायला सांगू शकतो, वस्तू बदलून द्यायला किंवा व्याजासह पैसे परत करायला लावू शकतो, वर भरपाईही देववू शकतो. यातलं पदरात काय पडेल हे दोषाच्या स्वरूपावर ठरतं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका मोटारीच्या प्रकरणात सांगितलं की, वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्यापुरती असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. निकाल गाडीचा, पण कंपन्यांचे वकील तो फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, सगळ्यांना लावतात. त्याला उत्तर एकच: तोच दोष पुन्हा पुन्हा आला आणि कंपनीला तो काढता आला नाही, हे दाखवणं. आणि हे दाखवणारा कागद वकिलाच्या ऑफिसात तयार होत नाही. तो मेकॅनिक घरी येतो तेव्हा तुमच्या स्वयंपाकघरात तयार होतो.

त्याला जॉब शीट म्हणतात. पूर्वी कार्बन कॉपीचा गुलाबी कागद असायचा, आता पुष्कळदा मेकॅनिकच्या मोबाइलमध्येच असतो. माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त शिक्षिकेचं वॉशिंग मशीन कपडे पिळायची वेळ आली की थांबायचं आणि आत पाणी तसंच राहायचं. पहिल्या भेटीच्या कागदावर लिहिलं होतं, ‘ओव्हरलोड, ग्राहकाला डेमो दिला.’ दुसऱ्यावर, ‘व्होल्टेज प्रॉब्लेम.’ तिसऱ्या वेळी पीसीबी बदलला, त्यावर ‘मशीन ओके’. तिन्हींवर बाईंची वळणदार सही. मशीन काही ओके नव्हतं. पण कंपनीच्या लेखी जबाबात तीन ओळींत सगळं उरकलं होतं: प्रत्येक तक्रार सोडवली, ग्राहक समाधानी, सोबत सह्या.

बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. मेकॅनिक निघताना म्हणतो, ‘मावशी, मेसेजमध्ये कोड आलाय तो सांगा ना, नाहीतर माझी कंप्लेंट पेंडिंग दिसते.’ काही कंपन्यांत त्या ओटीपीला चक्क ‘हॅपी कोड’ म्हणतात. पोरगा उन्हातान्हात फिरत असतो, बऱ्याच जणांना कॉलमागेच पैसे मिळतात, आपण त्याला पाणी-चहा विचारलेला असतो. कोड सांगून टाकतो. तिथे तक्रार बंद होते. मी पक्षकारांना सांगतो, मशीन त्याच्यासमोर एकदा पूर्ण चालवा, मगच कोड द्या. सही करायचीच असेल तर वर स्वतःच्या अक्षरात लिहा: ‘पाणी अजून जात नाही.’ चार शब्द पुरतात. मोबाइलवर सही घेत असेल तर त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा, चालत नसलेल्या मशीनचा व्हिडिओ जोडा.

व्होल्टेज हा कंपन्यांचा लाडका बचाव आहे, कारण तो खोडायला अवघड वाटतो. खरं तर सोपा आहे. मेकॅनिककडे मल्टिमीटर असतोच. त्याला सॉकेटमधलं रीडिंग घ्यायला लावा आणि तो आकडा कागदावर लिहून घ्या. आकडा २३०च्या आसपास असेल आणि घरातली बाकीची उपकरणं सुरळीत चालू असतील, तर तो बचाव तिथेच लंगडा पडतो. नुसतं ‘व्होल्टेज प्रॉब्लेम’ लिहिलेल्या कागदावर आकडा का नाही, हा प्रश्न मी उलटतपासणीसाठी राखून ठेवतो.

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलेलं बिल पाहून निम्मे लोक दुकानातूनच माघारी फिरतात. त्या ओळीला घाबरू नका. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल मात्र हवं, आणि हल्लीची बिलं थर्मल कागदावरची. वर्षभरात कोरी होतात. घरी आल्याआल्या फोटो काढून ठेवा. बिल वडिलांच्या नावावर आणि फ्रिज मुलीच्या सासरी असला तरी बिघडत नाही. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच असतो.

दुकानदार म्हणतो कंपनीकडे जा, कंपनी म्हणते डीलरशी बोला. तक्रारीत दोघांनाही सामनेवाले करायचं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगात शुल्क नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि वकील लागतोच असंही नाही (हे माझ्याच पोटावर पाय आणणारं वाक्य, पण खरं आहे). आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहा. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. फक्त कारण घडल्यापासूनची दोन वर्षांची मुदत विसरू नका. कस्टमर केअरशी ईमेल-ईमेल खेळत राहिल्याने ती वाढत नाही.

तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तिचं शुल्क मात्र आधी तक्रारदाराला भरावं लागतं. कायद्याने निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाचांत द्यायचा प्रयत्न करायचा आहे. बोर्डावर पडणाऱ्या तारखा पाहिल्या की हे आकडे कोणी लिहिले असतील, असं मनात येतं.

बाईंचं प्रकरण तारखांच्या त्या रांगेत फार अडकलं नाही. तिसऱ्या भेटीनंतर त्यांच्या भाचीने मशीनचा व्हिडिओ काढून कंपनीला मेल केला होता: आत पाणी, वर तरंगणारा टॉवेल, आणि मागे टीव्हीवर त्याच संध्याकाळच्या बातम्या. ‘मशीन ओके’ लिहिल्याच्या दिवशीचाच तो मेल. तो दाखल झाल्यावर कंपनीच्या वकिलांनी तडजोडीचा मसुदा पाठवला: नवं मशीन, खर्चाची थोडी रक्कम आणि तक्रार मागे. बाई लगेच सही करायला निघाल्या. मसुद्यात नव्या मशीनची वॉरंटी जुन्या बिलाच्या तारखेपासून मोजली होती, म्हणजे घरी येईपर्यंत ती जवळजवळ संपलेली असती. ती ओळ बदलून घेतली आणि मग बाईंनी सही केली.