पोती कुठं हैत?

दिवाळीत लोह्याला गेलं की अण्णांचा प्रश्न ठरलेला. "तू पुण्यात नेमकं काय करायलास रे?"

पंधरा वर्षं मी 'स्टोरेज'मधे आहे, पण घरी धड सांगता आलेलं नाही. यंदा उदाहरण तयार ठेवलं होतं. म्हटलं, समजा माळेगावच्या जत्रेत आधी वळणावरचा प्रत्येक पोलीस आपल्या मनानं गाड्या वळवायचा. आता एकच साहेब वायरलेसवर सांगतो, पोलीस फक्त हात दाखवतो. नेटवर्कमधे असंच झालं. स्विचमधलं डोकं काढून सॉफ्टवेअरमधे नेलं. २००८ साली स्टॅनफर्डहून ओपनफ्लो आलं, तेव्हापासून हे जोरात. साठवणीतही तेच. महागड्या खास पेटीऐवजी साधे सर्व्हर, आणि कुठला डेटा कुठल्या डिस्कवर हे सॉफ्टवेअर ठरवणार. त्यातलं 'सेफ' तर कुठली वस्तू कुठं याची यादीसुद्धा ठेवत नाही, जागा गणितानं काढतं.

अण्णा जन्मभर आडतीवर मुनीम. यादी नाही म्हटल्यावर चमकलेच.

"आन् मग पोती कुठं हैत?"

"तीन गोदामांत, एकेक प्रत. एक जळालं तर उरलेल्या दोनांवरून तिसरी परत तयार होते."

"तेवढा माल न्यायला रस्ता रिकामा पाहिजे की."

मी गप्पच झालो. अहो, या दोन विषयांचा सांधा नेमका इथंच आहे! डिस्क गेली की प्रती भरायला नेटवर्कवर लोंढा सुटतो, आणि रस्ता ठरवणाऱ्याला गोदामवाल्याची खबर नसेल तर बाकी सगळ्यांची कामं रखडतात. आम्हाला हे कळायला कित्येक रात्री जागाव्या लागल्या होत्या. असो.

एक फरक मात्र मी सांगितला. रस्त्यात पाकीट हरवलं तर पाठवणारा पुन्हा पाठवतो, त्याच्याकडे ते असतं. गोदामातलं गेलं तर मागायचं कुणाकडे?

अण्णा जरा वेळ थांबले. "आईच्या ओव्या किती गोदामांत होत्या?"

२००९ साली मी त्या रेकॉर्ड केल्या होत्या. आई गेल्यावर दोन वर्षांनी ती डिस्क गेली. लोकांच्या डेटाच्या रोज तीन-तीन प्रती करणारा मी...

"एकाच," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा धोतराला पुसला. "परभणीच्या मावशीला त्यातल्या निम्म्या येतेत. उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ. ते मशीन घे सोबत."

रात्री मी मोबाईल चार्जिंगला लावला, आणि पुण्याहून आणलेल्या बॅगेत दोन पेनड्राईव्ह सापडतात का ते बघत बसलो.