मोरव्याची धावपट्टी आणि वर जाणारी वाट

चंद्रपूरपासून दहा-बारा किलोमीटरवर मोरव्याची धावपट्टी आहे. पट्टी लहान. प्रवासी विमान नेमाने येत नाही; चंद्रपूरचे आणि गडचिरोलीचे लोक विमानासाठी बहुधा नागपूरच गाठतात. पट्टी वाढवायचे म्हटले की वीजकेंद्राच्या उंच चिमण्या आड येतात. त्या पाहून आमच्या मनात आले, पावसाळी ढगांत वैमानिकाला पट्टी दिसलीच नाही तर?

मोठ्या विमानतळावर याची तजवीज आधीच असते. उपग्रहावरून जागा सांगणारे यंत्र आणि उतरायची वाट विमानाच्या एकाच संगणकात जोडलेली असते. ठरलेल्या उंचीपर्यंत पट्टी दिसली नाही, की उतरणे सोडायचे. इंजिनाला जोर, नाक वर, चाके आत, वळण नंतर. वर जायची वाटही चिमण्या-डोंगर टाळून आखलेली असते. मात्र अनेक लहान विमानांत यंत्र तिथेच थांबते. बटण दाबल्याशिवाय पुढची वाट धरत नाही. माणूस बटण शोधत बसला तर विमान चढवायचे राहते. म्हणून शिकवतात, आधी विमान सांभाळा, मग यंत्र.

यात कमीपणा कसला? २२ मे २०१० रोजी मंगळूरला सहवैमानिकाने तीनदा सांगितले, उतरू नका, वर घ्या. मुख्य वैमानिकाने ऐकले नाही. १५८ जण गेले.

तेव्हा वाचकहो, नागपूरला उतरता उतरता विमान पुन्हा वर गेले तर घाबरू नका. ते फेरी मारून येते, नाहीतर दुसऱ्या विमानतळावर उतरते. बाबासाहेबांच्या नावाच्या त्या विमानतळाबाहेर लेकराची वाट पाहत थोडे जास्त उभे राहावे लागेल, इतकेच.