मेलबर्नची पूर्वतयारी

मे महिन्यांत लेकीच्या बाळंतपणासाठीं मेलबर्नला जावयाचें ठरलें आणि सौभाग्यवतींनीं प्रथम सुती पातळें काढलीं. दक्षिण गोलार्धांत तेव्हां हिवाळा तोंडावर असतो, हें सांगतांच लोंकरीचे कपडे बाहेर आले. खरा पेंच पुढेंच होता. डिंकाचे लाडू, अळींव, मेतकूट! परकें बीं वा कीड देशांत शिरूं नये म्हणून तेथील अधिकारी फार दक्ष असतात. प्रत्येक खाद्यवस्तु प्रवेशपत्रकांत नमूद करावी लागते, लपविल्यास जबर दंड. लाडू तुपांतले, अळींव तर साक्षात् बीं! दोन्ही जिन्नस घरींच राहिले. मेतकूट तेवढें, नोंदवावयाचें ठरवून, बांधलें. शहराच्या मध्यभागीं २०१५ पासून ट्राम विनामूल्य आहे, हें वाचून मी सुखावलों. सौभाग्यवती मात्र लाडवांच्या डब्याचें झांकण पुनःपुन्हा उघडीत होत्या.