एका ठिपक्याखाली किती घरे?

नकाशावरचा ठिपका हा मोठा आप्पलपोटा प्राणी आहे. जिथे बसतो तिथे दुसऱ्याला दिसू देत नाही. कागदी नकाशाच्या काळी नकाशाकार त्याला वळण लावी. १:५०,००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. तेव्हा शेजारून जाणारे रस्ता आणि लोहमार्ग दोन्ही दाखवायचे तर एकाला किंचित सरकवण्याची लबाडी करावीच लागे. संगणक असली लबाडी आपणहून करीत नाही. त्याच जागेचा दुसरा ठिपका निमूटपणे पहिल्याखाली जातो, आणि पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

याचा अर्थ मला कळला तो अथालला. सिल्वासा–नरोली रस्त्यावरचे हे गाव. दादरा-नगर हवेली म्हटले की आजोबांच्या पिढीला १९५४ चा मुक्तिलढा आणि त्यात उतरलेले सुधीर फडके आठवतात. आम्हांला आठवतात ते तिथले कारखाने आणि त्यांत कामाला गेलेले नातलग. माझे मामा त्यांपैकीच. दिवाळीच्या सुट्टीत गेलो, तेव्हा त्यांच्या चाळीतल्या मंडळींना वाढीव नळासाठी अर्ज करायचा होता. कुणी तरी मोबाइल घेऊन दारोदार उभे राहून प्रत्येक खोलीची जागा नोंदवली होती. “तू भूगोलवाला ना? मग नकाशा काढून दे,” मामांनी फर्मावले.

यादीत ६४ ओळी होत्या. क्यूजीआयएस या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत ती उघडली, तर पडद्यावर ठिपके १९!

“आमची खोली कुठाय रे यात?” मामींनी विचारले. मी ठिपक्यावर टिचकी मारली, तर शेजाऱ्यांचे नाव आले. “म्हणजे आम्ही नाहीच?” मामी हसून म्हणाल्या, पण मला काही हसू आले नाही.

कारण साधे होते. अक्षांश-रेखांश दशांश चिन्हानंतर चारच आकडे ठेवून उतरवले होते. चौथ्या आकड्यातला एकाचा फरक म्हणजे जमिनीवर सुमारे अकरा मीटर. आणि खोलीची रुंदी जेमतेम तीन मीटर. तीन-चार बिऱ्हाडे एका बिंदूत कोंबली गेली. बरे, आकडे वाढवले असते तरी मोबाइल मोकळ्या आभाळाखालीसुद्धा पाचेक मीटर चुकतो. मग भिंतीला भिंत लागलेल्या चाळीत त्याने काय करावे?

सोबतच्या मित्राने तोडगा सुचवला: एकसारखे बिंदू काढून टाकणारी सोय आहे, ती चालव. सोय आहे खरी. पण ती फक्त जागा पाहते. नाव, खोली क्रमांक काही पाहत नाही. एका जागी चार बिऱ्हाडे असतील तर एक ठेवते, तीन पुसते. अर्जावर १९ खोल्या गेल्या असत्या आणि पाणीही त्या हिशेबाने आले असते. दुसरी सोय जरा सभ्य आहे. ती एकावर एक आलेले ठिपके वर्तुळात मांडून दाखवते, पण ती नुसती मांडणी. मुळातले बिंदू हलत नाहीत.

१८५४ सालच्या लंडनमधील पटकीच्या साथीचा जॉन स्नो यांचा नकाशा आमच्या सरांनी वर्गात दाखवला होता. त्यांनी एका घरातल्या प्रत्येक मृत्यूसाठी एकेक काळी रेघ काढून रेघा एकापुढे एक रचल्या. घराला एकच ठिपका दिला असता तर ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीची दाटी तशी उठून दिसली नसती.

शेवटी हातानेच काम केले. फीत घेऊन खोल्या मोजल्या. तक्त्यातली एकेक ओळ निवडायची, म्हणजे ढिगातला नेमका तोच बिंदू हाती लागतो; मग तो उपग्रहचित्रातल्या पत्र्यावर त्याच्या जागी नेऊन ठेवायचा. कंटाळवाणे काम, पण मामींच्या चहावर निभावले. तीन ओळी खरोखरच दुबार निघाल्या: तेच नाव, तोच क्रमांक. त्या काढल्या. उरल्या ६१.

त्यांतले दोन बिंदू मात्र मी एकावर एकच ठेवले आहेत. क्रमांक एक, नावे वेगळी. मला वाटले, हीही दुबार नोंद. मामा म्हणाले, “नाही रे. एक दिवसपाळीला जातो, दुसरा रातपाळीला. खाट एकच आहे त्यांच्यात.”