अठरा रुपयांचे ताट

दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये, असे आमची आजी सांगत असे. आजीची बहुतेक शिकवण मी इमानाने पाळली. एवढी एक मात्र मला कधी साधली नाही. त्यातून ते ताट खासदाराचे असले आणि त्याची किंमत अठरा रुपये असली, म्हणजे डोकावणे तर सोडाच, चार माणसांत उभे राहून त्यावर भाषण ठोकण्याचीही माझी तयारी असते.

आणि मी ते ठोकले आहे. २०१५ सालची गोष्ट. कुणी तरी माहितीच्या अधिकारात विचारणा केली आणि संसदेतल्या उपाहारगृहांवर पाच वर्षांत ६० कोटींहून अधिक रुपयांचे अनुदान खर्ची पडल्याचे वर्तमानपत्रांत झळकले. शाकाहारी थाळी १८ रुपये, मांसाहारी ३३! आमच्या तालुक्याच्या एस. टी. स्टँडसमोर त्या वेळी साधी राइसप्लेटसुद्धा या पैशांत कुणी पुढ्यात ठेवली नसती. मी पडलो चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिकनंतर चित्रकलेची पदविका घेतली आणि शाळेला चिकटलो. कादंबऱ्या लिहितो त्या रात्री. रंगीत खडू हातात आला की मला राहवत नाही. पंधरा ऑगस्टच्या आदल्या संध्याकाळी दर्शनी फळ्यावर एक लठ्ठ गृहस्थ काढला. टोपी, जाकीट, मांडीवर न मावणारे पोट, आणि पुढ्यात पंचपक्वान्नांचे ताट. बाजूला एक हाडकुळा शेतकरी, खांद्यावर नांगर घेऊन त्या ताटाकडे बघतो आहे. खाली मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘फक्त १८ रुपये’. सकाळी झेंडावंदनाला आलेली मंडळी पोट धरधरून हसली. मुख्याध्यापकांनी चित्र पुसायला लावले. पण तोवर सगळ्यांनी ते पाहून घेतले होते, आणि मी बोलूनही घेतले होते.

त्या दिवाळीला माझा आतेभाऊ दिल्लीहून आला. तो संसदेत आहे. घाबरू नका, टंकलेखक म्हणून आहे. अंगाने असा, की अंगरखा खुंटीला टांगल्यासारखा दिसावा. फराळाच्या ताटल्या पुढे आल्या आणि आमच्या हिने माझ्या त्या फळ्याचा पराक्रम मोठ्या कौतुकाने त्याला सांगितला. तो हसला नाही. चकलीचा एकेक वेढा मोडीत शांतपणे म्हणाला,

“अरे, दोन्ही सभागृहांचे मिळून खासदार किती? आठशेच्या आत. आणि तिथे जेवतात किती, ठाऊक आहे? अधिवेशन चालू असले म्हणजे हजारो माणसे. शिपाई, पहारेकरी, कारकून, वार्ताहर. तुझ्या त्या फळ्यावरचा लठ्ठ्या म्हणजे मी!”

आम्ही सगळेच त्याच्या मनगटाकडे बघू लागलो.

मग तोच खुलला. या उपाहारगृहांची व्यवस्था १९६८ पासून उत्तर रेल्वेकडे होती, ही गोष्ट मला त्याच्याकडूनच कळली. “म्हणजे आपली संसद ही एक उभी आगगाडीच म्हण,” मी म्हटले. “गाडी निदान पोचते,” तो म्हणाला. त्याच वर्षी २ मार्चला पंतप्रधान मोदी तिथे जेवायला आले होते, तीही हकीगत निघाली. त्यांनी २९ रुपयांचे बिल चुकते केले आणि अभिप्रायाच्या वहीत लिहिले, ‘अन्नदाता सुखी भव’. आजीसुद्धा जेवण झाल्यावर हेच म्हणत असे. पण आजीचा अन्नदाता कोण, हे आम्हांला ठाऊक होते. एक तर शेतावरचा वाटेकरी, नाही तर चुलीपुढची आई. २९ रुपयांत न मावणाऱ्या जेवणाचा अन्नदाता कोण? वरचे पैसे भरणाऱ्याची आणि जेवणाऱ्याची कधी गाठच पडत नाही. पडली असती, तर तो ‘आणखी थोडा भात घ्या’ म्हणाला असता, की ‘पुरे आता’ म्हणाला असता, कोण जाणे.

“आणि तू रे?” आतेभावाने एकदम विचारले. “मॅट्रिकच्या वर्षी काय खात होतास?”

मी करंजीत तोंड खुपसले. १९९५ साली राज्यात युतीचे सरकार आले आणि एक रुपयात झुणका-भाकर मिळू लागली. पुढल्या वर्षी मी मॅट्रिकला, तालुक्याला एका खोलीत राहून शिकत होतो. स्टँडाजवळच्या झुणका-भाकर केंद्रावर माझे एक वेळचे जेवण होई. केंद्र चालवणारा माणूस बोटभर लाल चटणी भाकरीच्या कडेला लावून देई आणि परीक्षा जवळ आली तेव्हा न मागता झुण्याचा दुसरा डाव वाढू लागला. एका रुपयात भाकरीचे पीठसुद्धा आले नसते. उरलेले कोण सोसतो आहे, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. भुकेल्या मुलाच्या डोक्यात तो येऊही नये, असे मला आजही वाटते. पण मग फळ्यावर चित्र काढताना तो रुपया मला आठवायला हवा होता, की नाही?

माझे मत बदलले असे मात्र समजू नका. ज्याला महिन्याला लाखाच्या घरात वेतन मिळते, त्याच्या पानातल्या भातावर सरकारने तूप वाढू नये, हे मी आजही म्हणतो. २०१६ च्या १ जानेवारीपासून त्या थाळीचे १८ चे ३० रुपये झाले, तेव्हा मला थोडे बरे वाटले. पुढे २०२१ च्या जानेवारीत लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांनी अनुदान साफ बंद केल्याचे जाहीर केले. रेल्वे गेली, भारत पर्यटन विकास महामंडळ आले. शाकाहारी थाळी १०० रुपयांची झाली आणि मांसाहारी बुफे ७०० रुपयांचा. वर्षाला आठ कोटींच्या आसपास वाचतील, अशा बातम्या आल्या. मी विजयी सेनापतीच्या थाटात दिल्लीला फोन लावला.

“अभिनंदन,” आतेभाऊ म्हणाला. “मी आता डबा नेतो. तुझी वहिनी साडेपाचला उठते.”

यावर काय बोलावे ते मला सुचेना. खासदाराचे अनुदान काढावे आणि पहारेकऱ्याचे ठेवावे, हे कागदावर किती सोपे दिसते! पण एकाच रांगेत उभ्या असलेल्या दोघांना दोन किमती लावायला गल्ल्यावर कुणाला बसवायचे? मी विचार करकरून थकलो आणि नव्या कादंबरीकडे वळलो.

आता माझ्याच ताटाची हकीगत सांगतो. ती सांगण्यासाठीच खरे तर हा सगळा पसारा मांडला.

आमच्या शाळेत दुपारी मुलांना जेवण मिळते. १९९५ च्या १५ ऑगस्टला ही योजना देशात सुरू झाली. शाळेत शिजवून गरम अन्नच द्यावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम २००१ च्या नोव्हेंबरात झाला. आमच्याकडे या सगळ्याला मुले एकच शब्द वापरतात, खिचडी. पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. डाळ, भाजी, तेल, मसाला, सरपण यांसाठी २०२५ च्या मेपासून लहानाला ६ रुपये ७८ पैसे आणि मोठ्याला १० रुपये १७ पैसे. हे पैसे मला पाठ आहेत, कारण शाळेत ज्याच्या विषयाला परीक्षेत किंमत नाही त्याच्याकडे सगळ्या वह्या येतात. तांदळाची वही माझ्याकडे, ताटांची वही माझ्याकडे, आणि चवीची वहीही माझ्याकडे. मुलांना वाढण्याआधी एका शिक्षकाने अन्न चाखून पाहायचे आणि वहीत सही करायची, असा नियम आहे. नियम उत्तम आहे.

सुरुवातीला मी चमचाभर चाखत असे. मग रांधणाऱ्या मावशी म्हणाल्या, “सर, चमच्यात काय कळतंय? वाटी घ्या.” वाटी घेतली. वाटीची ताटली केव्हा झाली, ते मात्र मला खरोखरच सांगता येणार नाही. मावशी निखाऱ्यावर एक पापड भाजून ताटलीत ठेवू लागल्या. मी घरून डबा आणायचे सोडले. हिला बरेच वाटले.

२०२५ च्या जुलैत एके दिवशी पावसाने कहर केला. ओढ्यापलीकडची मुले येणार नाहीत, असे धरून मावशींनी बेताचे शिजवले. आणि नेमकी ती मुले गुडघाभर पाण्यातून आली. रांग संपता संपता पातेले खरवडण्याचा आवाज आला. शेवटी सहावीतला एक मुलगा उरला. तो थाळी छातीशी धरून उभा होता. मी व्हरांड्यात खुर्चीवर बसलो होतो. मांडीवर ताटली, ताटलीत अर्धी उरलेली खिचडी आणि पापड.

“सर, चव झाली का?” त्याने विचारले.

यात टोमणा नव्हता. मुले हे रोज विचारतात. चव झाली म्हणजे वाढायला सुरुवात होते. पण त्याची नजर माझ्या ताटलीवर होती, आणि ती नजर माझ्या ओळखीची होती. दहा वर्षांपूर्वी मीच ती खांद्यावर नांगर घेतलेल्या माणसाच्या डोळ्यांत रंगवली होती.

उष्टे त्याला द्यायचे कसे? मी नुसताच उठलो आणि उभा राहिलो. तेवढ्यात मावशींनी आपले फडके सोडले. त्यांची घरून आणलेली दीड भाकरी आणि लसणाची चटणी त्यांनी त्याच्या थाळीत घातली आणि म्हणाल्या, “खा रे बाळा, खिचडी रोजचीच हाय.” तो तिथेच भिंतीला टेकून खाऊ लागला. मावशी त्या दिवशी काय जेवल्या, हे मी विचारले नाही. विचारण्याचे धाडस झाले नाही म्हणा.

संध्याकाळी वही भरायची होती. चवीच्या रकान्यात मी गेली कित्येक वर्षे ‘उत्तम’ लिहीत आलो आहे. तेच लिहिले. ताटांच्या वहीत मुलांचा आकडा घातला. माझ्या ताटलीसाठी त्यात रकाना नाही, कधीच नव्हता. दुसऱ्या दिवशी मी मावशींना चमचा मागितला. त्यांना वाटले, खिचडी बिघडली. दोन दिवस त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत. पापड भाजून ठेवीत आणि तो गार होऊन मऊ पडे.

घरी सांगितले, की उद्यापासून डबा हवा. “अहो, शाळेत जेवण असतं ना?” हिने विचारले. मी म्हटले, “ते मुलांचं असतं.” “इतकी वर्षं कुणाचं होतं?” हिने पुन्हा विचारले आणि उत्तराची वाट न बघता कणीक भिजवायला गेली. आता ती सहाला उठते. आतेभाऊ आणि वहिनी या दिवाळीला पुन्हा यायचे आहेत. दोन्ही जावा स्वयंपाकघरात डब्यांचा विषय काढणार, हे मला आत्तापासूनच दिसते आहे. तेव्हा आम्ही दोघांनी चकल्यांची ताटली उचलून अंगणात जाऊन बसायचे, असे फोनवर ठरवून टाकले आहे.